कारणाचा रकाना

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की हमरस्त्याला लागून घेवरचंदशेठची जिनिंग आहे. खेड्यापाड्यांतून तिथे कापूस येतो, मशीनवर त्याची रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून ट्रक भरले जातात. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. या जिनिंगमध्ये निंबानाना एकतीस हंगाम बोर्डावर बसले. बोर्ड म्हणजे भिंतीवरची एक लोखंडी पेटी, तिच्यावर ओळीने हिरवी बटणं आणि लाल बटणं. हिरवं दाबलं की मशीन चालू, लाल दाबलं की बंद. बघणाऱ्याला वाटावं, याला काय डोकं लागतं? पण बाराव्या मशीनचा रूळ घासतोय हे नाना बसल्या जागेवरून नुसत्या आवाजावर सांगत. फिटर स्क्रूड्रायव्हर घेऊन जाई आणि खरं आहे म्हणून मान हलवत परत येई. नानांना त्याचा थोडा ताठाही होता. माणसाला एवढा तेवढा ताठा असावा, नाहीतर एकतीस वर्षं एका स्टुलावर बसवत नाही.

घरी मात्र तीन वर्षांपासून नानांचं काहीतरी बिनसलं होतं. सुनंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मिक्सर लावायला सांगितलं की नाना विचारत, "हात काढा का?" काढला म्हटलं तरी पुन्हा विचारत. तिसऱ्यांदा विचारून मग स्वतः उठून बघत. विहिरीवरची मोटर चालू करायची तर आधी विहिरीत डोकावून येत. शेजारीपाजारी हसायचे. नानांना बटणाचं भूत लागलं म्हणायचे. सुनंदाबाई हसायच्या नाहीत, पण विचारायच्याही नाहीत. नवऱ्याच्या तोंडून काही काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, हे त्यांना लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

गोष्ट अशी होती.

जिनिंगच्या फरशीखाली एक अरुंद नाली आहे. मशीनमधून पडणारी सरकी तिच्यात येते आणि आतलं लांबच लांब लोखंडी मळसूत्र फिरत फिरत ती सरकी बाहेरच्या ढिगावर नेऊन टाकतं. त्याला सगळे स्क्रूच म्हणतात. कापूस ओला असला की सरकी दाटते आणि स्क्रू अडतो. मग नानांनी लाल बटण दाबायचं, कोणीतरी फरशीवरचं झाकण उचलून खाली उतरायचं, हाताने सरकी मोकळी करायची आणि वर आवाज द्यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. तीन वर्षांपूर्वी पौषातल्या एका दुपारी स्क्रू अडला आणि तेरसिंग खाली उतरला.

तेरसिंग सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातला. उंच, काटक, कामाला वाघ. घरची बोली वेगळी, पण चार हंगामांत तो इथली अहिराणी फाडफाड बोलायला शिकला होता. बोर्डावरून नाली दिसत नाही, मध्ये कापसाचा ढीग येतो. बाकीची मशीनं धडधडतच होती. बऱ्याच वेळाने नानांनी तोंडाशी हात धरून विचारलं, "निंघनं का रे, तेरसिंग?"

ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "जाऊ दे, नाना!"

नानांनी हिरवं बटण दाबलं.

त्यानंतरची किंकाळी नानांनी ऐकली. लाल बटणावर हात जाईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जीप धुळ्याला पोचायच्या आतच तेरसिंग गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. मॅनेजर मोतीलालने नानांना गाठींच्या थप्पीमागे नेलं. "नाना, तुम्ही एक अक्षर बोललात तर सरळ आत जाल. आणि तुम्ही आत गेल्याने तो बाहेर येणार आहे का?" कागदावर आलं ते असं, की मयताने स्वतःच्या निष्काळजीपणाने चालू मशीनमध्ये हात घातला. तोंडी मात्र मोतीलालने एक जास्तीचं सोडून दिलं, पिऊन होता म्हणून. मढं घेऊन पाड्यावर गेला तिथेही हेच सांगून आला. पाड्यावरचा मजूर आणि दारू, कोणाला पुरावा लागतो? पंधरा दिवसांत ती गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगणारे चारजण तयार झाले. शेठना खरं माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती.

नाना गप्प राहिले. त्यांनी मनाशी एक टेकू लावून घेतला होता. तेरसिंगनेच सांगितलं, जाऊ दे. मी त्याच्या सांगण्यावरून बटण दाबलं. यात माझं काय चुकलं? दिवसातून पन्नास वेळा ते स्वतःला हे सांगत. पण खरं चुकलं नसतं तर एकदा सांगून भागलं असतं.

यंदाच्या हंगामात दोन गोष्टी झाल्या. पहिली ही, की पाड्यावरच्या टोळीबरोबर तेरसिंगची बायको रुख्माबाई कामाला आली. तिला कुठली जिनिंग निवडायची सोय नव्हती. टेम्पो जिथे उतरवेल तिथे उतरायचं. ती कापूस वेचून काडीकचरा काढायच्या कामाला लागली. खाली मान घालून काम करायची, कोणाशी फारसं बोलायची नाही. पहिल्याच दिवशी कोणीतरी कुजबुजलं, "तो पियेल मरना नही का, त्यानी बाई." तिने ते ऐकलं. नानांनीही ऐकलं, आणि त्या दिवसापासून डबा अर्धा परत यायला लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे कामिनीताई. गाठी घेणाऱ्या कंपनीने यंदा अट घातली होती, कामगारांना सुरक्षेचं शिक्षण द्या. म्हणून धुळ्याहून ही बाई दर शनिवारी येऊ लागली. पहिल्या शनिवारी तिने पडद्यावर चित्रं दाखवली. पिवळी टोपी घातलेला गोरा माणूस, लाल फुली मारलेला दुसरा गोरा माणूस. दहाव्या मिनिटाला अर्धे लोक पेंगत होते आणि प्रकाश हमाल तर चक्क घोरत होता. बाई चिडली नाही. तिने पडदा गुंडाळला आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांबरोबर गोणपाटावर मांडी ठोकून बसली. अर्धा तास, मशीन पूर्ण बंद, कामाच्या वेळेतच. मोतीलालच्या पोटात दुखलं, पण अट ती अट.

"मी काही शिकवणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. या आठवड्यात कोण थोडक्यात वाचलं?"

मग वेचणीवरची हेमलता, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणत, ती म्हणाली, "मना पदर पट्टामा गया व्हता. मी ओढी लिधा. जाऊ दे, त्यानं काय एवढं!"

मग प्रकाश. "थप्पीवरथून गाठ सरकनी, मना पायजवळ पडनी. जाऊ द्या ताई, लागनं नही ना."

एकेकाने तोंड उघडलं. कोणाचा पाय घसरला होता, कोणाला करंट बसला होता, कोणाच्या डोळ्यात काडी गेली होती. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच दोन शब्द. कामिनीताईच्या ते ध्यानात आलं. तिने एक रिकामा डबा मागवला आणि म्हणाली, "आठवडाभर एक करा. कामावर जेव्हा जेव्हा जाऊ दे म्हणाल, तेव्हा या डब्यात एक सरकी टाका. का म्हणालात ते ध्यानात ठेवा."

लोकांना तो खेळच वाटला. एकमेकांना पकडून सरकी टाकायला लावू लागले. शेठना टायर पंक्चरचा फोन आला आणि ते सवयीने "जाऊ दे" म्हणाले, तेव्हा हेमलताने त्यांच्याही पुढे डबा धरला. पुढच्या शनिवारपर्यंत डबा काठोकाठ भरला होता. कामिनीताईने तो गोणपाटावर ओतला आणि म्हणाली, "चला, वाट्या करू. कधी कधी म्हणालात?"

मग वाट्या झाल्या. लागलं पण सोसलं तेव्हाची एक. दुरुस्ती उद्यावर टाकली तेव्हाची दुसरी. वरच्याला सांगून उपयोग नाही म्हणून सोडून दिलं, तेव्हाची तिसरी आणि सगळ्यांत मोठी. मोतीलाल दारात उभा होता, तो तिथून हळूच सटकला. लोक हसले. तेवढ्यात हेमलता हातातली मूठभर सरकी तशीच धरून थांबली.

"ताई, ह्या कोठे टाकू?" ती म्हणाली. "मशीन चालू कराले बी आम्ही हाईच म्हनतस."

"म्हणजे?"

"म्हनजे गाडी मागे लेवानी व्हई, पट्टा चालू करना व्हई, तधळ बी जाऊ दे! आन् ऱ्हाऊ दे, सोडी दे, तधळ बी जाऊ दे."

चालव म्हणायचं तरी जाऊ दे, आणि सोड म्हणायचं तरी जाऊ दे. रोज तोंडात घोळणारा शब्द, पण तो दोन तोंडांचा आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग एकदम गलका झाला. प्रकाश म्हणाला, शिट्टी ठेवू. दुसरा म्हणाला, मशीनच्या धडधडाटात शिट्टी कोण ऐकतं? शब्द बदलावा तर टोळीतल्या बायकांची बोली वेगळी, त्यांनी काय समजायचं? शेवटी हेमलतानेच तोड काढली. बोलायचंच नाही. बोर्डाला कुलूप लावायचं, आणि जो खाली उतरेल त्याने चावी आपल्या कमरेला लावून उतरायचं. तो वर आल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नाना त्या गलक्यात नव्हते. निंघनं का रे? जाऊ दे, नाना! निघत नाही, सोडून द्या. तेरसिंग सोडून द्या म्हणत होता. इथे येऊन त्याने तो शब्द शिकला होता तोच असा, दर घटकेला सगळ्यांच्या तोंडून ऐकून. तीन वर्षं मनात पाल चुकचुकत होतीच, आज टेकूच निघाला. समोर दहा हातांवर रुख्माबाई बसली होती आणि सांडलेली सरकी एकेक करून डब्यात भरत होती.

त्याच दिवशी कामिनीताईने भिंतीवर एक मोठा कागद लावून घेतला. गेल्या पाच वर्षांत जिनिंगमध्ये काय काय झालं, ते सगळ्यांनी आठवून लिहायचं. प्रकाशचं अक्षर बरं, म्हणून त्याने लिहिलं. नाव, तारीख, काय झालं, कारण. कारण कळलं तर उपाय कळतो, असं ताई म्हणाली. कागद लागला तो नेमका बोर्डासमोर. नाना स्टुलावर बसले की नजर थेट चौथ्या ओळीवर जाई. तेरसिंग. मृत्यू. आणि कारणाच्या रकान्यात प्रकाशने निष्पाप मनाने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, दारू.

पूर्ण आठवडा तो शब्द नानांच्या समोर होता. बुधवारी कुलूप आलं. नाना चावी देत-घेत होते. रुख्माबाईला वाचता येत नव्हतं. एकदा ती त्या कागदासमोर उभी राहिली आणि शेजारणीला विचारू लागली, यात माझ्या माणसाचं नाव कुठे आहे. शेजारणीने बोट लावून दाखवलं. रुख्माबाईने त्या नावावरून अंगठा फिरवला. शेजारच्या रकान्यावरूनही फिरवला. नाना स्टुलावरून उठून मागच्या अंगाला गेले आणि भिंतीला डोकं टेकून बराच वेळ उभे राहिले.

शुक्रवारी ते घरी आले आणि ओट्यावर बसून सुनंदाबाईंना सगळं सांगितलं. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. सुनंदाबाई हातातलं सूप खाली ठेवून ऐकत राहिल्या. मिक्सरचं कोडं उलगडलं, पण त्यांना त्याचं समाधान वाटलं नाही.

"माले सांगीसन काय उपेग?" त्या शेवटी म्हणाल्या. "जिले सांगानं तिले सांगा."

"नोकरी जाई."

"जाऊ–" सुनंदाबाई बोलता बोलता थांबल्या. "गयी तं गयी. आपलं पोट भरी. पन तुम्ही आसा किती दिन ऱ्हाशात?"

शनिवारी सकाळी मोतीलाल मुद्दाम बोर्डाकडे आला. त्याला वास लागला होता. "नाना, त्या बाईच्या नादी लागून जुनी मढी उकरू नका. दोन हंगाम राहिलेत तुमचे. सुखाने घरी जा."

दुपारी तीन वाजता मशीनं बंद झाली. लोक गोणपाटांवर गोल बसले. कामिनीताई म्हणाली, आज कागदावरची कारणं एकेक करून पाहू, खरीच ती कारणं आहेत का. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या ओळीशी आल्यावर प्रकाश म्हणाला, "हाई सोडा ताई, हाई दारूनं शे. त्याले काय उपाय?"

नाना उठले. कागदापाशी गेले, खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला. एकदा खोडून भागेना, कागद फाटेपर्यंत खोडत राहिले. मग वळून रुख्माबाईपुढे जाऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"माय, तेरसिंग पियेल नव्हता. मशीन बंद व्हती, म्हनीसन तो खाले उतरना. मी इचारं, निंघनं का? त्यानी सांगं, जाऊ दे. सोडी दे म्हने तो. मी समजनू, चालू कर. बटन मी दाबं."

प्रकाशच्या तोंडून एवढंच निघालं, "तीन वरीस तुम्हीन सांगं काब्र नही, नाना?"

"भ्यानू," नाना म्हणाले.

रुख्माबाईने मान वर केली. तिला इथली बोली बाजारहाटापुरती यायची, म्हणून ती एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलली.

"पियेल नव्हता?"

"नही, माय. एक थेंब नही."

ती उठून नानांच्या समोर आली. त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत होती.

"कोनता हातघाई दाबं?"

नानांनी उजवा हात पुढे केला. अंगठा दाखवला. ती त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मारलं असतं तर नानांना बरं वाटलं असतं. ती मारायला आलीच नव्हती.

"तो गया तधळ मी रडनू नही," ती म्हणाली. "दारू पीसन मरना, पोरंसोरं टाकीसन गया, आसं सांगं व्हतं माले. बठ्ठा पाडाना लोके हसनात. तीन वरीस मी त्याले शिव्या दिन्यात. रोज दिन्यात."

एवढं बोलून ती तिथेच, फरशीवर, नालीच्या झाकणाशेजारी बसली. आधी नुसतंच अंग हलत होतं. मग तिच्या बोलीत तिने त्याला हाक मारली, आणि जो हंबरडा फुटला तो पत्र्याच्या छपराला जाऊन धडकला. टोळीतल्या बायका धावल्या, तिच्याभोवती बसल्या आणि त्याही रडू लागल्या. हेमलताने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. नाना तसेच उभे होते. तिने माफ केलं नव्हतं, आणि नानांनी मागितलंही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

अर्धा तास संपला. भोंगा झाला. मोतीलालने लांबून हात उंचावून खूण केली, चालू करा. एकतीस वर्षं ती खूण दिसली की नानांचा हात आपोआप बटणाकडे गेला होता. आज ते जागचे हलले नाहीत. मोतीलाल स्वतः बोर्डाकडे निघाला, तर प्रकाश आणि आणखी दोघं उठून बोर्डाच्या आडवे उभे राहिले. भोंगा पुन्हा झाला, पुन्हा झाला. एकही माणूस कामाला उठला नाही.

शेवटी घेवरचंदशेठ ऑफिसातून तणतणत आले. बाहेर कापसाच्या सात गाड्या उभ्या होत्या.

"काय तमाशा आहे? मशीन का बंद आहेत?"

हेमलताने मांडीवरचं डोकं न हलवता वर पाहिलं.

"तेरसिंग वारना, शेठ."

शेठ गोंधळले. "कोण, तो नालीवरचा? अहो, त्याला तीन वर्षं झाली!"

"हो," हेमलता म्हणाली. "हिले आज कळनं."

शेठनी रडणाऱ्या बाईकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, भिंतीवरच्या फाटलेल्या कागदाकडे पाहिलं. मागे वळून मोतीलालला शोधलं, तर तो मान खाली घालून उभा होता. मग त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि हात जोडून ते त्या गोलाच्या कडेला उभे राहिले.